सिंधूची जबानी

जुन्या नाटकांच्या आठवणी निघाल्या की मराठी घरांत दोन वस्त्रांचा उल्लेख हटकून होतो. एक बालगंधर्वांचा शालू आणि दुसरे त्याच बालगंधर्वांचे ठिगळाचे लुगडे. शालू भामिनीचा किंवा रुक्मिणीचा. तो पाहून बायका हरखून जात आणि पुढल्या सणाला तसाच हवा म्हणून घरी हट्ट धरीत, असे सांगतात. लुगडे मात्र 'एकच प्याला'तल्या सिंधूचे. ते पाहून बायका रडत. आणि बायकाच काय, उपरण्याने डोळे टिपणारे पुरुषही थोडे नसत.

राम गणेश गडकऱ्यांना हे रडणे पाहायला मिळाले नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, नागपूरजवळच्या सावनेरला ते वारले. त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली होती, सुधाकर गणपतराव बोडसांचा होता आणि सिंधू बालगंधर्वांची. स्त्रीच्या दुःखाचा हा एवढा मोठा उत्सव एका पुरुषाने लिहिला, दुसऱ्याने त्याला पदे दिली आणि तिसऱ्याने लुगडे नेसून तो उभा केला, ही गोष्टही आपण जाता जाता ध्यानात ठेवायला हरकत नाही.

कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगते. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ जाते, आणि त्या अपमानाच्या जखमेवर तळीराम नावाचा कारकून औषध सुचवितो: एकच प्याला. पुढे पेला सुटत नाही. घर जाते, अब्रू जाते. श्रीमंत माहेरची सिंधू माहेरची मदत नाकारते, जाते ओढून पोट भरते, नवऱ्याविरुद्ध एक शब्द काढीत नाही. शेवटी नशेच्या भरात सुधाकराच्या हातून तान्हे मूल मरते, सिंधूवर जीवघेणा घाव बसतो. फौजदार जबानी घेऊ लागतो तेव्हा मरता मरता सिंधू सांगते की, यात नवऱ्याचा काही दोष नाही, हे माझ्याच पडण्याने झाले. सुधाकर विष घेतो. पडदा पडतो.

या एका जबानीविषयी मला आज लिहायचे आहे.

कामून खोटं बोलली?

मी महाविद्यालयात मराठी शिकवते आणि माझे बिऱ्हाड तीर्थपुरीला आहे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातले हे गाव. खाली गोदावरी वाहते. पैठणच्या धरणाच्या कालव्याने या पट्ट्यात ऊस आणला, उसाने साखर कारखाना आणला. मोसंबीच्या बागा आहेत, कपाशी आहे. माझ्या वर्गात शेतकऱ्यांच्या मुली आहेत, दुकानदारांच्या आहेत आणि उचल घेऊन कोयत्यावर जाणाऱ्या आईबापांच्याही आहेत.

या मुलींना 'एकच प्याला' शिकवायचे म्हणजे, आपल्या आजीचा शालू नातीच्या हाती द्यावा तसे मला नेहमी वाटते. जपून उलगडावा लागतो. भाषेचा थाट त्यांना गमतीचा वाटतो, तळीरामाच्या कोट्यांना त्या खळखळून हसतात. पण शेवटच्या अंकाशी आले की वर्गात एक निराळीच शांतता पसरते. आमच्या पिढीला इथे हुंदका येई. या मुलींच्या कपाळावर आठी येते.

गेल्या वर्षी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली.

"मॅडम, ती फौजदाराला कामून खोटं बोलली?"

मी पतिव्रताधर्म, तो काळ, ते संस्कार असे सांगू लागले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आमच्या शेजारच्या काकू बी असंच म्हणल्या. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, तर म्हणल्या, मोटारसायकलवरून पडले. त्यांच्या घरी मोटारसायकलच नाही, मॅडम."

वर्गात कोणी हसले नाही. त्या दिवशी माझ्या टिपणवहीतले 'सिंधूचे स्वभावचित्र' हे प्रकरण मी पुढे वाचले नाही. शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या रंगमंचावर बोललेले एक खोटे आमच्या तालुक्यात अजून बोलले जात होते, शब्दही बहुतेक तेच होते. तेव्हा ते ऐकून लोक धन्य धन्य म्हणाले. आता एका मुलीने त्याचे कारण विचारले होते, आणि तिला उत्तर देणे भाग होते.

परीक्षेत पहिली आलेली

सिंधू ज्या काळाची मुलगी आहे, त्या काळाने स्त्रीपुढे परीक्षेचा कागद अगदी स्पष्ट लिहून ठेवला होता. पती हाच देव; त्याच्या पायाशी स्वर्ग; त्याचे दोष झाकणे हा धर्म; घरातले दुःख उंबऱ्याबाहेर जाऊ न देणे ही कुलीनता. कायद्याकडेही तिला जाण्याजोगी वाट नव्हती. मुंबई राज्यात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ साली, आणि साऱ्या देशात १९५५ साली. म्हणजे सिंधूनंतर जवळजवळ एक पिढी गेली.

पण म्हणून त्या काळात सगळ्याच बायका सिंधू होत्या असे मात्र समजू नये. आमच्या जालन्याला लागूनच असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापून, पती जर देव म्हणायचा तर त्याने देवासारखे वागायला नको काय, अशा अर्थाचा रोकठोक सवाल टाकला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईत रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने नांदायला येण्यासाठी फिर्याद लावली. लहानपणी न विचारता लावून दिलेले ते लग्न त्यांना मान्य नव्हते. १८८७ साली न्यायालयाने, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असे फर्मावले, तेव्हा तुरुंग पत्करीन म्हणून त्या ठाम राहिल्या. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी गुजरातेत अनेक वर्षे बायकांची सेवा केली. म्हणजे बडोद्याच्या नाटकगृहात सिंधू नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटे बोलून प्राण सोडीत होती, तेव्हा त्याच गुजरातेत, नवऱ्याला भर न्यायालयात 'नाही' म्हटलेली एक मराठी बाई हयात होती आणि रोगी तपासीत होती. प्रेक्षकांनी मात्र अश्रू दिले ते सिंधूला. रखमाबाईंच्या वाट्याला त्या दिवसांत आली ती बहुतेक टीकाच.

मग सिंधू ही नुसती आज्ञाधारक, दुबळी बाई होती काय? माझ्या मुलींचे प्रथम तसेच मत झाले. मी त्यांना म्हटले, नाटक पुन्हा वाचा. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आले की सिंधूपाशी पर्याय होता. माहेर श्रीमंत, भाऊ पद्माकर प्रेमळ, दार उघडे. ती गेली नाही. कोणाचा एक पैसा न घेता दळणाच्या कष्टावर तिने घर चालविले. सुधाकरासारखा शिकलेला पुरुष एका अपमानाने कोसळला आणि ही लाडात वाढलेली मुलगी जाते धरून ताठ बसली. त्या घरात कर्तृत्ववान माणूस कोण, हे वेगळे सांगायला नको. एवढे बळ, एवढी निष्ठा, एवढी बुद्धी तिने कशावर खर्च केली? एका पडत्या भिंतीला पाठ लावून उभे राहण्यावर. ती हलली नाही, भिंत तिच्या अंगावर आली, आणि कडेवरचे मूलही खाली सापडले.

आणि इथेच ही शोकनायिका तिच्या काळाला आव्हान देते, असे मला वाटते. कदाचित गडकऱ्यांच्या मनात होते त्याहूनही मोठे. समाजाने लिहिलेल्या त्या परीक्षेत सिंधूला शंभरपैकी शंभर गुण मिळाले. एकही चूक नाही, एकही उलट शब्द नाही. तिने थोडी जरी कसूर केली असती तर प्रेक्षक म्हणू शकले असते, अमुक केले असते तर संसार वाचला असता. गडकऱ्यांनी ती सोय ठेवली नाही. सगळे नियम पाळूनही तिचे मूल मेले, ती मेली, आणि ज्याच्यासाठी हे केले तोही वाचला नाही. मग चुकले कोण? विद्यार्थिनी निर्दोष असेल तर परीक्षेचा कागद तपासायला हवा. आमच्या आज्यांच्या डोळ्यांतल्या पाण्यात हा प्रश्न कुठेतरी विरघळलेला असणारच. तो उच्चारायची सोय तेवढी त्यांना नव्हती.

गीता

गडकऱ्यांनी त्याच नाटकात आणखी एक बाई ठेवली आहे. तळीरामाची बायको गीता. तिच्याकडे सिंधूचे कुळ नाही, सिंधूची मधुर गाणी नाहीत. दारुड्या नवऱ्याचे तिने सारे भोगले आहे आणि जे भोगले ते ती तोंडाने बोलते, तेही फटकळपणे. जुने प्रेक्षक तिच्या बोलण्याला हसत. विनोदी पात्र म्हणून तिला टाळ्या मिळत, पण आदर्श म्हणून तिचे नाव कोणी मुलीला ठेवले असेल असे वाटत नाही.

मला वाटते, मराठी मध्यमवर्गाने इथे एक वाटणी करून टाकली. जे खरे आहे ते गीताने बोलावे, म्हणजे हसता येते. आणि जे सुंदर आहे ते सिंधूने बोलावे, म्हणजे रडता येते. खरे आणि सुंदर एकाच बाईच्या तोंडी आले असते तर प्रेक्षक हसला नसता आणि रडलाही नसता. त्याला घरी जाऊन विचार करावा लागला असता. माझ्या वर्गाने मात्र कौल दिला तो गीतेला. "तीच आमच्या आत्यासारखी बोलती," असे एकीने सांगितले, आणि तिच्या स्वरात अभिमान होता.

जात्यावरची कचेरी

जाते आले तिथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रंगभूमीवर सिंधू जात्यावर बसते तेव्हा शहरातल्या प्रेक्षकांना तो तिच्या दुर्दशेचा कळस वाटे. आमच्या भागातल्या बायकांना त्यात दुर्दशा दिसत नाही. जाते हे त्यांचे रोजचेच होते. एवढेच नव्हे, मनातले बोलायची ती एकमेव जागा होती. पहाटे घर झोपलेले असताना जात्याच्या घरघरीत बाई जे म्हणे ते सासूला ऐकू जात नसे, आणि गेले तरी ती 'ओवी' असल्यामुळे कोणाला रागावता येत नसे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो. पोथीतल्या सीतेपेक्षा ही सीता वेगळी आहे. ती आपल्यातलीच एक सासुरवाशीण आहे, आणि तिच्यावर अन्याय झाला हे ओवी गाणारी बाई बिनदिक्कत सांगते.

आमच्या गल्लीतल्या एक आजी आहेत. ऐंशीच्या पुढच्या. एकदा मी त्यांना विचारले, "आजी, पिठाची गिरणी आली तेव्हा तुम्हाला बरं वाटलं असेल?"

"हाताला बरं वाटलं बाई," त्या म्हणाल्या, "पर जीवाला नाही. जात्याम्होरं बोलायला कुणाची चोरी नव्हती."

फौजदारापुढे खोटे बोलणारी बाई जात्यापुढे खरे बोलत होती. जबानी होती, ती लिहून घेणारा कोणी नव्हता, एवढेच.

अशा न लिहिलेल्या जबान्या आमच्या या मातीत फार आहेत. तीर्थपुरीहून जवळच जांब आहे, समर्थ रामदासांचे जन्मगाव. बोहल्यावर 'सावधान' ऐकताच बाल नारायण पळाला, ही कथा आपण पिढ्यानपिढ्या सांगतो आणि त्या वैराग्यापुढे मान लववितो. मान जरूर लववावी. पण त्या अंतरपाटाच्या पलीकडे हळद लावलेली एक मुलगीही उभी होती. आपण ज्या रीतीने ती कथा सांगतो, तीत तिला एकही वाक्य नाही.

खरे बोलली, पण ऐकले कोणी?

सिंधूनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, १९६७ साली, मराठी रंगभूमीवर आणखी एका बाईची जबानी झाली. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधली लीला बेणारे. शिक्षिका, कमावती, हसरी, कोणाच्या उपकाराखाली नसलेली. गंमत म्हणून मांडलेल्या खोट्या खटल्यात तिचे खाजगी आयुष्य चव्हाट्यावर ओढले जाते. ती अविवाहित आहे आणि तिच्या पोटात मूल आहे, एवढ्यावर तिचे सगळे सोबती न्यायाधीश होतात. अखेरीस ती बोलते. सलग, मनापासून, खरे बोलते. पण त्या वेळी रंगमंचावरची सारी माणसे जागच्या जागी थिजलेली आहेत. तिचे बोलणे त्यांच्यापैकी एकालाही ऐकू जात नाही.

सिंधूला विचारले तेव्हा ती खोटे बोलली. बेणारे खरे बोलली तेव्हा ऐकणारे कोणी नव्हते. या दोन जबान्या शेजारी शेजारी ठेवल्या की सिंधूच्या खोट्याचा उलगडा थोडासा होतो. आपले खरे कोणाच्या कानी पडणार नाही, पडले तर आपल्यावरच उलटणार, हे जिला पक्के ठाऊक आहे, तिने खरे बोलून काय मिळवायचे? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने मरणाऱ्या माणसाच्या शब्दाला मोठे वजन दिले होते. सिंधूचा उभ्या आयुष्यातला एकच शब्द सरकारदरबारी खरा मानला जाणार होता, तो शेवटचा. आणि तोही तिने नवऱ्याच्या नावे करून दिला.

आडवी बाटली

पुढच्या काळाने कायदे केले. १९८३ साली नवऱ्याचा व सासरचा छळ हा फौजदारी गुन्हा ठरला. २००५ साली घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. मात्र, सिंधूच्या मूळ दुःखाला, म्हणजे त्या पेल्यालाच हात घालणारी एक गोष्ट महाराष्ट्रात झाली, ती शहरातल्या वाचकांना फारशी माहीत नसते. गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद.

हा नियम मी वर्गात सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे गीताला मत मिळालं, मॅडम!" मला त्याहून चांगले भाष्य सुचले नसते. इथे बाईला कोणाचे नाव घ्यावे लागत नाही, नवऱ्यावर बोट ठेवावे लागत नाही. पडद्याआड एकटीने शिक्का मारायचा. जात्यापुढची ती जुनी चोरीची जबानी प्रथमच कोणीतरी मोजून घेतली.

दारूबंदीने सारे सुटते असे म्हणणारी मी नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी झाली आणि २०२१ साली उठली. पेल्याचे रूप बदलते, तळीराम नवे येतात. पण विचारण्याची रीत बदलली की उत्तर बदलते, एवढे तरी यावरून दिसते.

यंदाच्या स्नेहसंमेलनात मुलींनी 'एकच प्याला'चा शेवटचा प्रवेश बसविला. सिंधूने खरे सांगावे, असा शेवट बदलण्याची त्यांची फार इच्छा होती. मी त्याला संमती दिली नाही. गडकऱ्यांचा शब्द बदलायचा आपल्याला अधिकार नाही हे एक. आणि दुसरे असे की, ते खोटे जसेच्या तसे ऐकू आले पाहिजे, म्हणजेच ते खोटे आहे हे कळते. प्रयोगाला आयाबायाही आल्या होत्या. फौजदार झालेल्या मुलाने प्रश्न विचारला. सिंधू क्षणभर थांबली. तेवढ्यात बायकांच्या बैठकीतून एक म्हातारा आवाज उठला:

"खरं सांग की, माय!"

सभागृह हसले नाही. सिंधू झालेल्या मुलीने तिकडे पाहिले, आवंढा गिळला आणि पुस्तकात होते तेच वाक्य म्हटले. शंभर वर्षांपूर्वी त्या वाक्यावर प्रेक्षक गहिवरला होता. आमच्या तीर्थपुरीच्या प्रेक्षकांनी त्याला हरकत घेतली. नाटकातला एक शब्दही बदलला नव्हता. ऐकणारे बदलले होते, आणि मला वाटते, गडकऱ्यांच्या सिंधूला हाच प्रेक्षक इतकी वर्षे हवा होता.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाचे डबे भरलेले असतील आणि भाऊबीज दोन दिवसांवर आली असेल. पद्माकरासारखे प्रेमळ, सुस्थितीतले भाऊ आपल्यात पुष्कळ आहेत. ते ओवाळणी सढळ हाताने घालतात, साडी आणतात, 'काही लागलं तर सांग' म्हणतात. सिंधूच्या भावानेही याहून कमी केले नव्हते. शहरातल्या बहिणी मोटारसायकलवरून पडत नाहीत. त्यांचा न्हाणीघरात पाय घसरतो. तेव्हा यंदा ओवाळणी घालून झाली की बहिणीला जरा बाजूला घ्यावे, जिथे नवरा, सासू, मुले, कोणीच नसेल अशा जागी, आणि एकदा नीट विचारावे. पहिल्यांदा ती 'सगळं छान आहे' म्हणेल. घाईने उठू नये. थोडे थांबून पुन्हा विचारावे.